द्राक्षबागेच्या ॲपचं नामांतर : जून ते नोव्हेंबर २०२५ च्या नोंदी

आमचं ॲप म्हणजे द्राक्षबागेची फवारणी-वही. कोणत्या प्लॉटवर कोणतं औषध, किती मात्रा, कधी मारलं आणि काढणीपर्यंत किती दिवस थांबायचं, एवढंच ते सांभाळतं. पाच जण मिळून २०२१ पासून चालवतोय. कोड जीपीएल ३ या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखाली खुला आहे. निफाड, दिंडोरी, चांदवड आणि सटाणा भागातले चारेकशे बागायतदार ते वापरतात. यंदा त्याचं नाव आणि लोगो बदलावा लागला. खुल्या प्रकल्पावर ही वेळ आली तर कुणाच्या तरी कामी येईल म्हणून रोजच्या वहीतल्या नोंदी नीट लिहून ठेवतोय. जुनं नाव यात कुठेही नाही, कारण ते सार्वजनिक ठिकाणी वापरणार नाही असं आम्ही लिहून दिलंय.

११ जून

नाशिकला गंगापूर रोडच्या घरी रजिस्टर पोस्टाने वकिली नोटीस आली. शेतीची औषधं विकणाऱ्या एका कंपनीची. म्हणणं असं, की आमच्या ॲपचं नाव त्यांच्या नोंदणीकृत नावासारखंच ऐकू येतं आणि आमचा द्राक्षघडाचा हिरवा लोगोही त्यांच्या लोगोच्या जवळ जातो. पंधरा दिवसांत उत्तर मागितलंय.

पहिला तास रागात गेला. मग ट्रेडमार्कच्या सरकारी शोध-पानावर बसलो आणि चूक माझीच आहे हे दिसलं. २०२१ मध्ये नाव ठरवताना मी शोध घेतला होता, पण ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे जे क्रमांकाचे वर्ग केलेत, त्यांतल्या फक्त नवव्या वर्गात, कारण सॉफ्टवेअर त्यात येतं. तोही हुबेहूब स्पेलिंग टाकून. कंपनीची नोंदणी पाचव्या आणि चव्वेचाळिसाव्या वर्गात आहे. पाचव्यात कीटकनाशकं-बुरशीनाशकं येतात, चव्वेचाळिसाव्यात शेती आणि बागायतीच्या सेवा. फवारणीची वही आणि फवारणीचं औषध एकाच माणसाच्या हातात असतं. वर्ग वेगळा म्हणून गोंधळ होणार नाही, असं म्हणायला जागाच नव्हती.

१३ जून

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळ वकिलांकडे गेलो. सल्ल्याचे २,५०० रुपये. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की लढू. ट्रेडमार्क कायदा १९९९ च्या कलम ३४ मध्ये आधीपासून वापरणाऱ्याला संरक्षण आहे, हे त्याने वाचलं होतं. वकिलांनी तारखा समोर ठेवल्या. कंपनीचा वापर २०१६ पासूनचा, आमचा २०२१ पासूनचा. ते कलम आमच्या नाही, त्यांच्या कामाचं. विषय तिथेच संपला.

नाव बदलायचं ठरलं. पण सटाणा-कळवणच्या अर्ली बागांची छाटणी जुलै-ऑगस्टमध्येच सुरू होते. छाटणी झाली की डाऊनी या बुरशीच्या रोगासाठी फवारण्या लागतात, आणि त्या काळात कुणाचं ॲप हलवणं म्हणजे त्याचा हंगाम हलवणं. आम्ही ३१ ऑक्टोबरपर्यंत मुदत मागितली. जुन्या डोमेनवरून नव्याकडे वळण वर्षभर चालू राहील आणि मग ते डोमेन कंपनीला देऊ, असंही लिहिलं. कंपनीने दोन्ही मान्य केलं. पत्रव्यवहार आणि समझोता मिळून वकिलांना आणखी ६,००० गेले. हा खर्च मला आजही योग्य वाटतो. स्वतः पत्र लिहिलं असतं तर डोमेनच्या वर्षाची गोष्ट सुचली नसती.

१९ जून

आज सगळे जण अण्णांच्या शेतावर जमलो. अण्णा आमच्यातले एकमेव बागायतदार, बाकीचे चौघे संगणकावरचे. प्रश्न एकच होता: नवं नाव कुणाच्या मालकीचं?

चार वर्षांत हा प्रश्न आम्ही कधी विचारलाच नव्हता. कोडच्या प्रत्येक फाइलवर परवान्याच्या ओळी आहेत, पण नाव आणि लोगो कुणाचे याचा कुठे शब्द नाही. जीपीएल ३ कोड वापरायला, बदलायला, वाटायला देतं. नावाचा हक्क त्यासोबत आपोआप जात नाही, आणि तो देत नसल्याचं स्पष्ट लिहायची सोय त्याच्या सातव्या कलमात आहे. अपाचे २.० या दुसऱ्या खुल्या परवान्यात तर सहावं कलमच त्याबद्दल आहे. आम्ही काहीच लिहिलं नव्हतं.

मी वायरशार्कचं उदाहरण सांगितलं. नेटवर्कवरची ये-जा तपासणारं ते खुलं सॉफ्टवेअर आधी इथेरिअल नावाने ओळखलं जायचं. मूळ लेखक जेराल्ड कोम्ब्स यांनी २००६ मध्ये नोकरी बदलली. कोड खुला असल्यामुळे सोबत नेता आला, पण नावाचा ट्रेडमार्क जुन्या मालकाकडेच राहिला. म्हणून नवं नाव घ्यावं लागलं. आमच्यातला कुणी उद्या बाहेर पडला तर आमचंही तेच होईल.

आमची संस्था नाही, ट्रस्ट नाही. अर्ज कुणाच्या तरी नावावर करावा लागतो. संस्था नोंदवायला जे महिने लागतील ते आमच्याकडे नव्हते. म्हणून अर्ज अण्णांच्या नावाने करायचा, आणि पाच जणांत ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर करार: हे नाव प्रकल्पासाठी आहे, अण्णा प्रकल्प सोडतील तर ते उरलेल्यांनी ठरवलेल्या माणसाच्या किंवा संस्थेच्या नावे करून देतील. अण्णांनी करार दोनदा वाचला आणि त्यात एक ओळ घालायला लावली: माझ्यानंतर माझ्या मुलांनाही हे बंधनकारक राहील. ती ओळ आम्हा चौघांपैकी कुणाच्याही डोक्यात आली नव्हती.

२६ जून ते ६ जुलै

नाव शोधण्यात अकरा दिवस गेले. चाळीसेक नावं निघाली. ती का गळली याच्या कारणांतच खरी माहिती आहे, म्हणून थोडं सविस्तर.

फवारणी, बाग आणि नोंद या शब्दांभोवतीची सगळी नावं पहिल्याच दिवशी गेली. वस्तूचं किंवा कामाचं वर्णन करणाऱ्या शब्दावर कलम ९ खाली आक्षेप येतो, आणि समजा नोंद झालीच तरी दुसऱ्याला तो शब्द वापरण्यापासून अडवता येत नाही. नाशिक हा शब्द असलेली नावंही त्याच कारणाने गेली. शिवाय नाशिकची द्राक्षं आणि नाशिक व्हॅली वाईन यांना भौगोलिक मानांकन आहे, त्या वाटेला जायचं नव्हतं. त्र्यंबक आणि रामकुंडावरून सुचलेली दोन नावं अण्णांनीच नको म्हटली. श्रद्धेच्या नावावर मालकी सांगू नये हे त्यांचं मत, आणि धार्मिक भावना दुखावतील अशा चिन्हांना कायद्यातही मनाई आहे. गोदावरीवरून सुचलेली नावं इतक्या जणांनी आधीच घेतलीत की वेगळेपणा उरत नाही.

शेवटी शब्द बागेतच सापडला. द्राक्षवेलीच्या खोडातून तारेवर दोन्ही बाजूंना आडव्या फांद्या वळवतात, त्यांवर पुढे काड्या फुटतात. त्या आडव्या फांदीला ओलांडा म्हणतात. आम्ही खूश झालो. रोमनमध्ये लिहून पाहिलं तर तोच शब्द इटालियनमध्ये हॉलंडचं नाव निघाला. देशाचं नाव म्हणून पुन्हा कलम ९. मी यादीवर काट मारणार, एवढ्यात अण्णा म्हणाले, "आमच्याकडं निम्मे लोक वलांडा म्हणतात की."

वलांडा. सॉफ्टवेअरचं वर्णन करत नाही, बागायतदाराला सांगावं लागत नाही, रोमनमध्येही सरळ वाचता येतं.

८ जुलै

या वेळी शोध नीट घेतला. वर्ग १ (खतं), ५, ९, ३१ (ताजी फळं), ४२ (सॉफ्टवेअर सेवा) आणि ४४. प्रत्येक वर्गात 'असलेले शब्द' हा पर्याय आणि उच्चाराचा पर्याय, दोन्ही. व च्या जागी ब, ड च्या जागी द, शेवटचा आकार काढून, रोमनमध्ये एक ए आणि दोन ए. साडेतीन तास लागले. प्रत्येक निकालाचं पान पीडीएफ करून ठेवलं, पुढे उत्तर द्यायला लागेल म्हणून. त्यानंतर कोड होस्टिंग, प्ले स्टोअर आणि खुल्या ॲपचं दुकान एफ-ड्रॉइड इथेही पाहिलं. नवव्या वर्गात उच्चाराने थोडंसं जवळचं एक नाव दिसलं, पण त्यांचा माल पूर्ण वेगळा. धोका पत्करला. डोमेन लगेच घेतलं, ७५० रुपये. अर्ज होईपर्यंत नाव बाहेर कुणालाच सांगायचं नाही, असं ठरलं.

१५ जुलै

ट्रेडमार्कच्या अर्जाचा टीएम-ए फॉर्म भरला. अर्जदार व्यक्ती असेल तर ऑनलाइन शुल्क एका वर्गाला ४,५०० रुपये. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग नसलेल्याला ९,०००. आम्ही ९ आणि ४२ असे दोन वेगळे अर्ज केले, म्हणजे एक अडकला तरी दुसरा पुढे सरकेल. एकूण ९,०००. सहीसाठी डीएससी, म्हणजे डिजिटल सहीचं प्रमाणपत्र, लागली, १,८०० रुपये. तिचं यूएसबी टोकन माझ्या लिनक्स लॅपटॉपवर चाललं नाही. दोन संध्याकाळी त्यात घालवून शेवटी भावाच्या विंडोज मशीनवर काम उरकलं.

एक चूक थोडक्यात वाचली. 'कधीपासून वापरात' या रकान्यात मी २०२१ लिहिलं होतं. वकिलांनी मसुदा पाहताना विचारलं, वलांडा हे नाव २०२१ मध्ये होतं का? ॲप होतं, नाव नव्हतं. त्या तारखेला वापराचं शपथपत्र जोडावं लागतं, आणि ते खोटं ठरलं असतं. दुरुस्त करून 'वापरण्याचा प्रस्ताव' निवडलं.

अर्ज फक्त शब्दाचा केला, लोगोचा नाही. शब्दाची नोंद असली की तो कोणत्याही अक्षरात, कोणत्याही रंगात लिहिला तरी संरक्षण राहतं. लोगो दोन वर्षांत बदलतो. पैसे मोजके असतील तर आधी शब्द, हे माझं ठाम मत झालंय.

२२ जुलै ते १४ ऑगस्ट : लोगो

सगळ्यात जास्त चुका इथे झाल्या.

जुना लोगो काढणारा मित्र आता बंगळूरुला असतो. त्याने तो आपुलकीने फुकट काढून दिला होता, लेखी काहीच नव्हतं. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा. हस्तांतर लेखीच लागतं, आणि लेखात मुदत लिहिली नाही तर ते पाच वर्षांचं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. म्हणजे चार वर्षं आम्ही जो लोगो मिरवला तो कागदोपत्री आमचा कधी नव्हताच. नवा लोगो कॉलेज रोडवर राहणाऱ्या डिझाइनच्या एका विद्यार्थिनीकडून करून घेतला. ५,००० रुपये दिले आणि आधी दुसऱ्या ५०० च्या स्टॅम्पवर हस्तांतर केलं, त्यात मुदत आणि सगळं जग दोन्ही लिहून.

पहिल्या मसुद्यात वेलीचं पान फुकट आयकॉनच्या साइटवरून घेतलेलं निघालं. अशा बहुतेक साइटच्या अटींत ते चित्र ट्रेडमार्क म्हणून वापरायला मनाई असते. तिचा दोष नाही, आम्ही सांगितलंच नव्हतं. तिला अण्णांच्या बागेत नेलं. मधलं खोड आणि तारेवरचे दोन वलांडे तिने तिथेच वहीत काढले. पानाचा नाद सुटला आणि आकारही नेमका मिळाला.

दुसरा मसुदा फोनवर टाकला तर दोन्ही वलांडे कापलेले. अँड्रॉइडच्या आयकॉनचा कॅनव्हास १०८ बाय १०८ डीपी (पडद्यावरचं माप) असतो, पण कोणताही फोन कापणार नाही याची खात्री फक्त मधल्या ६६ डीपीची. आमचं चित्र आडवं पसरलेलं, आणि फोन त्याला गोल करत होता. वलांड्यांची टोकं वर वळवून चित्र आत घेतलं. खऱ्या वेलीवर काड्या वरच जातात, त्यामुळे ते अधिक बरं दिसलं.

तिसरी गोष्ट अक्षराची. नावासाठी ओपन फॉन्ट लायसन्सचा देवनागरी फॉन्ट घेतला, लोगोत वापरायला त्यात अडचण नाही. चित्र समोर आल्यावर अण्णा म्हणाले, "हा ल आपला नाही." बरोबर होतं. फॉन्टने हिंदी वळणाचा ल दिला होता. मराठी ल आणि श ची वळणं राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात छापलेली आहेत. बऱ्याच फॉन्टमध्ये मराठी ल असतो, पण मजकुराची भाषा मराठी असल्याचं सांगितल्याशिवाय तो पुढे येत नाही. आम्ही मराठी ल घेऊन अक्षरांचे पाथ, म्हणजे नुसत्या रेषांचे आकार, करून टाकले, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर उघडताना तो बदलणार नाही. ज्यांच्यासाठी ॲप आहे ते हाच ल लिहितात. यावर एक आठवडा गेला, तो मला जड वाटला नाही.

१८ ऑगस्ट

२०० स्टिकर रद्दीत गेले. छापायला देताना कुणीतरी नावापुढे वर्तुळातला आर टाकला, छान दिसतो म्हणून. तो नोंदणीकृत ट्रेडमार्कची खूण आहे, आणि नोंदणी झालेली नसताना वापरला तर कलम १०७ खाली आर्थिक दंड होतो. अर्ज प्रलंबित असताना टीएम चालतं. १,२०० रुपये बुडाले. ६०० नवे छापले, ३,६०० रुपये. छपाईला जाणारी फाइल आता दोघांनी पाहिल्याशिवाय जात नाही.

२० ऑगस्ट ते १९ सप्टेंबर : स्थलांतर

कोडमध्ये जुनं नाव शोधलं तर शेकड्यांनी जागा. बहुतेक बदल शोधा-बदला करून झाले. कोडचं भांडार नव्या नावावर नेलं, जुने पत्ते आपोआप वळतात. फक्त जुन्या नावाने पुन्हा भांडार उघडायचं नाही, नाहीतर वळण तुटतं.

अडलं ते पॅकेज आयडीवर, म्हणजे फोन आणि स्टोअर ॲपला ज्या नावाने ओळखतात त्यावर. त्यात जुनं नाव होतं आणि प्ले स्टोअरच्या पत्त्यात ते दिसतं. प्रकाशित ॲपचा आयडी बदलता येत नाही, नव्या आयडीचं ॲप म्हणजे नवीनच ॲप. जुने अभिप्राय, तारे, अपडेट सगळं मागे राहतं. शिवाय एका ॲपला दुसऱ्याचा खाजगी डेटा वाचता येत नाही. म्हणून जुन्या ॲपची शेवटची आवृत्ती काढली, तिच्यात 'नोंदी बाहेर काढा' हे बटण, आणि वलांडात 'नोंदी आत घ्या'.

पहिल्या आठवड्यात अकरा जणांचे फोन आले. नोंदी आल्या, फोटो गेले. औषधाच्या बाटलीच्या लेबलचा फोटो ही आमच्या वहीतली सगळ्यात मोलाची गोष्ट, द्राक्षं पॅक करणारे पॅकहाऊसवाले रेसिड्यूचा, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या अंशाचा, प्रश्न आला की तोच मागतात. कारण शोधायला दोन रात्री गेल्या. डेटाबेसमध्ये आम्ही फोटोचा पूर्ण पत्ता साठवत होतो, आणि त्या पत्त्यात जुन्या पॅकेजचं नाव होतं. फोटो फाइलमध्ये होते, पत्ता मेलेला होता. आत घेताना फक्त फाइलचं नाव ठेवायचं आणि पत्ता नव्याने जोडायचा, असा बदल केला. अकरापैकी नऊ जणांचे फोटो परत आले. दोघांनी तोवर जुनं ॲप आणि बाहेर काढलेली फाइल दोन्ही पुसलं होतं. त्यांच्याकडे स्वतः गेलो, माफी मागितली, मिळतील त्या बिलांवरून नोंदी पुन्हा भरून दिल्या. जुनं ॲप काढू नका हे पहिल्या पडद्यावर मोठ्या अक्षरात लिहायला हवं होतं. आता आहे.

२७ सप्टेंबर

नावाच्या वापराचं धोरण लिहिलं, एक पान. वलांडाशी जुळतं, वलांडावर आधारित असं कुणीही म्हणू शकतं. कोडमध्ये बदल करून स्वतःचं ॲप काढणाऱ्याने नाव आणि आयकॉन बदलायचा. एका कलमावर वाद झाला: आमचं ॲप पुढे वाटणाऱ्या वितरकाने त्यात छोट्या दुरुस्त्या केल्या तर? डेबियन या लिनक्स वितरणाने २००६ मध्ये आपल्याकडच्या फायरफॉक्स ब्राउझरचं नाव आइसवीझल केलं ते याच प्रश्नावरून. लोगो मुक्त परवान्यात बसत नव्हता आणि दुरुस्त्यांना मंजुरी घ्यावी लागत होती. २०१६ पर्यंत ते तसंच चाललं. आम्हाला ते नको होतं. सुरक्षेच्या आणि भाषांतराच्या दुरुस्त्या न विचारता करा, नाव ठेवा, असं लिहिलं. लोगोची फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये, वेगळ्या सूचनेसह ठेवली, म्हणजे कोडचा परवाना तिला लागू आहे असा समज होणार नाही.

५ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर

बागांतल्या औषधाच्या खोल्यांच्या दारांवर आमचे क्यूआर स्टिकर आहेत, त्यांत जुनं डोमेन. फळछाटण्या जोरात, त्यामुळे कुणाला बोलावण्यापेक्षा रविवारी आम्हीच ते बदलायला गेलो. दिंडोरी, निफाड, चांदवड, सटाणा. पेट्रोल ३,९००. आजवरचा एकूण खर्च ३४,७५० रुपये. यात आमचे स्वतःचे तास धरलेले नाहीत.

७ नोव्हेंबर

नवव्या वर्गाच्या अर्जावर परीक्षण अहवाल आला. कलम ११ चा, म्हणजे आधीच्या नावाशी साम्य असल्याचा आक्षेप, आणि समोर ठेवलेलं नाव तेच जे ८ जुलैला उच्चाराच्या शोधात दिसलं होतं. उत्तराला एक महिना मिळतो. शोधाचे पीडीएफ होते म्हणून धांदल झाली नाही.

२१ नोव्हेंबर

उत्तर अपलोड केलं. शब्दाचा अर्थ, दोन्ही मालांतला फरक, आणि वलांडा हा बागेतला शब्द असल्याच्या पुराव्यादाखल अण्णांच्या प्लॉटचा फोटो. आक्षेप उठला तरी सरकारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून आल्यावर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो, तेव्हा वर्तुळातला आर अजून लांब आहे. बेचाळिसाव्या वर्गाचा अहवाल यायचाय. पिंपळगावकडच्या चौदा बागांतले जुने स्टिकर अजून बदलायचे राहिलेत. जुनं डोमेन सोपवायच्या आधी ते उरकायला हवेत.